वांजीची आई

“मावशी, आई वारल्या.”

फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. मधली सुट्टी, बाहेर मुलांचा गलका, त्यात हे वाक्य. मराठी शिकवून शिकवून मला एक वाईट खोड लागली आहे. कोणी काही बोललं की मला आधी व्याकरण ऐकू येतं आणि अर्थ नंतर कळतो. ‘वारल्या’ का म्हणाली ही? आईला कोणी असं म्हणत नाही. आई येते, आई जेवते, आई रागावते. आई कधी ‘आल्या’ होत नाही. फोनवरच्या वांजीलाही हे पक्कं ठाऊक होतं. एरवी ती ‘आई झोपली’, ‘आई जेवली नाही’ असंच सांगायची. पण तिच्या संस्थेच्या मराठीच्या वर्गात तिला शिकवलं होतं की गेलेल्या माणसाबद्दल आदराने बोलावं… त्या घटकेला तेवढंच तिला आठवलं असावं. मी म्हणाले, “वारली म्हण गं.” ती रडत रडत म्हणाली, “आई वारली.” तेव्हा कुठे मला कळलं की माझी बहीण गेली.

गेली ती मंगल, माझी थोरली बहीण, चिखलीत राहणारी. फोन केला तो वांजिरूने. ती केनियाची. इथे स्वयंसेवक म्हणून काम करायला आली आणि प्रशिक्षणाच्या काळात ताईच्या घरी राहिली. घरात तिची वांजी झाली. आता वांजी ताईची कोण, यावरून आमच्यात भांडण लागलं आहे. मी म्हणते मुलगी. ताईच्या सासरचे म्हणतात पाहुणी. ताईला जाऊन महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही, आणि हा लेख मी त्याच रागात लिहिते आहे. स्मृतिलेख कसा सौम्य सुरात लिहायचा असतो ते मला माहीत आहे, मुलांना मीच शिकवते. पण गेल्या महिनाभरात ताईबद्दल ‘साधी’, ‘सोशीक’, ‘कधी कोणाला दुखावलं नाही’ हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की माझे कान किटले. सोशीक कशाला म्हणता? तिला सोसायला कोणी लावलं, ते सांगा ना.

आम्ही लातूरकडच्या. ताईचं लग्न फार लवकर झालं आणि दाजींना चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचं काम लागलं, म्हणून दोघं चिखलीत आली. आक्कांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तळमजल्यावर लेथ मशीनचं वर्कशॉप, त्याची घरघर सकाळपासून सुरू. आक्का म्हणजे घरमालकीण, चिखलीच्या जुन्या गावातल्या. दाजी कंपनीच्या बसने जायचे आणि यायचे. शिफ्ट बदलायची, ओव्हरटाइम लागायचा, बाकी काही बदलायचं नाही. ताईला मूल झालं नाही. मग सुरू झालं ते. सासूने सांगितलेले डॉक्टर, जावेने सांगितलेले वैद्य, कुणाच्या तरी ओळखीचा एक बाबा, त्याने दिलेला अंगारा. दर वेळी ताईला टेबलावर झोपवायचं, पाय वर घ्यायला लावायचं, तपासायचं आणि म्हणायचं, सगळं ठीक आहे, होईल. एका डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, आता तुमच्या मिस्टरांना पाठवा, आणि तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी दाजींच्या शर्टाच्या खिशात गेली, शर्टाबरोबर धुतली गेली आणि वाळवताना ताईने तिचा लगदा उकरून काढला. दाजी काही बोलले नाहीत. दाजी कधीच काही बोलायचे नाहीत. माणूस चांगला. व्यसन नाही, हात उगारणं नाही, पगार आणून ताईच्या हातात. लोक म्हणायचे, नशीब काढलं मंगलने. आणि हेच लोक तिच्या पाठीमागे तिला वांझ म्हणायचे. पाठीमागे म्हणजे इतकंच की, ती जिना उतरून जाईपर्यंत थांबायचे.

तर अशा घरात वांजी आली. संस्थेच्या समन्वयक बाई ताईच्या बचत गटात आल्या होत्या. परदेशातून काही मुलं-मुली येणार आहेत, त्यांना इथली भाषा आणि राहणी शिकायची आहे, मग ती खेड्यांतल्या शाळांवर कामाला जातील. तोवर तीन महिने कोण आपल्या घरी ठेवून घेईल? बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या आणि ताईने हात वर केला. घरी विचारायला हवं, वगैरे काही नाही. मला फोन करून म्हणाली, “सुमे, रविवारी ये. तिचं इंग्रजी मला कळायचं नाही.”

मी वाकडहून पोचले तेव्हा ताई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. जिन्यात निम्मी इमारत गोळा झालेली, आक्का सगळ्यांत पुढे. मुलगी वर आली. उंच, काळीसावळी नव्हे, चांगली काळी, केसांच्या बारीक बारीक वेण्या, खांद्यावर भली मोठी सॅक. तिने हात जोडले आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, “नमस्कार. माझं नाव वांजिरू.”

जिन्यात कोणीतरी फिसकन हसलं. आक्का म्हणाल्या, “काय म्हन्ली? वांझी? आता गं बाई… वांझेच्या घरी वांझी आली म्हनायची.”

इतक्या वर्षांत तो शब्द ताईच्या तोंडावर पहिल्यांदा पडला, तोही तिच्या उंबऱ्यावर, पाहुणीच्या स्वागताला. मी दाजींकडे बघितलं. ते मुलीची सॅक उचलत होते. समन्वयक बाईंना परिस्थितीची कल्पना आली असावी. त्या पटकन म्हणाल्या, “आपण तिला वंदना म्हणू या का? सगळ्यांना सोपं पडेल.”

ताई म्हणाली, “तिच्या आईबापानं ठेवलेलं नाव हाय. आपल्या सोयीसाठी कशाला बदलायचं?” तिने तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, मुलीच्या पायावर पाणी घातलं, आणि आक्कांकडे बघत, खालच्या लेथ मशीनलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “वांजी, आत ये बाळा.”

त्या दिवसापासून ताईचा आवाज चढला तो चढलाच. माझी ही बहीण, जी भाजीवाल्याला सुद्धा हळूच हाक मारायची, ती गॅलरीत उभी राहून अख्ख्या गल्लीत ओरडायची, “वांजी, जेवायला चल.” पोरं हसायची. ताई आणखी एकदा ओरडायची. महिन्याभरात पोरांना हसायचा कंटाळा आला. ज्या शब्दाला ती आयुष्यभर टाळत आली, तो तिने असा रोज दहादा तोंडात घोळवून घोळवून बोथट केला. याला तुम्ही सोशीक म्हणता का?

घरात रुळायला मुलीला वेळ लागला नाही, वेळ लागला तो शब्दांना. संस्थेने दिलेल्या कागदांत ताईचा उल्लेख ‘यजमान’ असा होता. वांजीने तो शब्द पाठ केला आणि वाण्याच्या दुकानात जाऊन ऐटीत सांगितलं की मी माझ्या यजमानांकडे राहते, त्यांच्यासाठी साखर हवी. वाण्याने विचारलं, लग्न कधी झालं? ताई हसून हसून लोळली. “अगं, यजमान म्हणजे नवरा. माझे यजमान ते तिथं पेपर वाचायलेत.” मग मी काय म्हणू, असं वांजीने विचारलं. संस्थेचं सांगणं होतं की ‘मंगलताई’ म्हणावं, म्हणजे नात्यात अंतर राहतं. ताईने तिलाच विचारलं, “तुझ्या घरी तू काय म्हणतेस, तुझ्या आईच्या वयाच्या बाईला?” तिच्याकडे अशा सगळ्या बायकांना आईच म्हणतात. “मग झालं की,” ताई म्हणाली.

मुलीची भाषा मात्र माझ्या हातची गेली. वर्गात ती ‘आपण काय करत आहात’ शिकायची आणि घरी येऊन ताईकडून ‘काय करायलीस’ उचलायची. एकदा समन्वयक बाईंनी तिच्या प्रगतीची चौकशी करायला फोन केला, तर ही म्हणाली, “बाई, मी ठीक हाय, तुम्ही काय म्हणायलात?” बाईंनी मला तक्रार केली की घरामुळे मुलीची भाषा बिघडते आहे. मी मराठीची शिक्षिका. मी त्यांना सांगितलं की तुमच्या वर्गामुळेच बिघडत असेल, घरी ठीक आहे.

एका रविवारी मी तिथे असताना वांजीने तो प्रश्न विचारलाच. आम्ही मेथी निवडत होतो. “आई, वांझ म्हणजे काय? खालची मुलं माझं नाव असं म्हणतात.” मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण ताईने मान वर न करता सांगितलं, “जिला मूल होत नाही ती बाई. म्हणजे मी.” वांजीने हातातली मेथी खाली ठेवली. मग मोडक्यातोडक्या मराठीत, अडलं तिथे माझ्याशी इंग्रजीत बोलून, तिने सांगितलं की तिचं नाव तिच्या आजीचं आहे. आणि त्यांच्या लोकांत जुनी गोष्ट अशी की एका आईला खूप मुली होत्या, त्या एकेकीपासून एकेक कूळ झालं, आणि त्यांतल्या एकीचं नाव वांजिरू. ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“म्हणजे वांजीपासून कूळ वाढलं?”

“हो. खूप लोक. लाखो.”

ताई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी नुसतंच यायला लागलं, हसणं थांबलं तरी. पदराने तोंड पुसून म्हणाली, “जा, त्या आक्कीला सांगून ये.” दाजी समोरच खुर्चीवर होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

संक्रांतीनंतर आक्कांकडे हळदीकुंकू होतं. ताईला बोलावणं असायचं, पण ते बोलावणं कसं असतं ते ज्यांना मूल नाही त्या बायकांना विचारा. कोपऱ्यात बसायचं, वाण घ्यायचं, निघायचं. त्या दिवशी मीही गेले होते. नवीन सुनांनी वांजीला घेरलं, तू कोण, कुठली, कोणाकडे. वांजी उभी राहिली आणि वर्गात सांगतात तसं स्पष्ट म्हणाली, “मी वांजी. ही माझी आई.” वांजीची आई. खोलीतल्या बायकांच्या मनात तो शब्द कसा फुटला ते मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं. कोणी हसलं नाही, तेवढं बरं. मग आक्का ओट्या भरू लागल्या. एकेकीसमोर बसत, तांदूळ, नारळ, सुपारी घालत त्या ताईजवळ आल्या आणि तिला ओलांडून पुढच्या बाईकडे वळल्या. नेहमीप्रमाणे. ताईने पदर आधीच आवरून घेतला होता, तोही नेहमीप्रमाणे.

वांजी म्हणाली, “आक्का, आईची राहिली.”

तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. वर्गात सांगितलं होतं की सवाष्णीची ओटी भरतात, ताई सवाष्ण होती, आक्कांची नजरचूक झाली, एवढंच तिला दिसलं. आक्का थांबल्या. वांजीने परत, तेवढ्याच गोडीने सांगितलं, “आईची राहिली.” आक्कांना मागे वळावं लागलं. ताईने आवरलेला पदर पुन्हा पसरला आणि त्यात नारळ पडला. मी तिथे जन्माने मराठी, वर मराठीची शिक्षिका, आणि मला तिथे सुचायला हवे ते शब्द या परक्या मुलीच्या तोंडून आले.

तीन महिने संपले आणि तिला आंबेगावकडच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेवर पाठवलं. निरोपाच्या कार्यक्रमात समन्वयक बाईंनी सगळ्या घरांना समजावलं की आता हे नातं इथे थांबवायचं, जास्त गुंतणं दोन्ही बाजूंना बरं नाही. ताईने चहा प्यायला, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन वांजीच्या कपड्यांसाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केला. वांजी महिन्यातून दोनदा, शनिवारी, दोन एसट्या बदलून यायची. मला वाटतं ताईच्या आयुष्यातले तेवढेच शनिवार.

पुढच्या दिवाळीत वांजीने मला फोन केला. आवाज हळू. “मावशी, आईला पाळी येते?”

“नाही गं. तिची कधीच गेली.”

“मग रक्त कशाचं आहे?”

तिने न्हाणीत कपडे पाहिले होते. ताई ते गुपचूप धूत होती, पिळून गॅलरीत न टाकता आत दोरीवर, दाजींच्या शर्टांमागे वाळत घालत होती. किती महिने? सांगितलं नाही. एका घरात, एका दोरीवर, आणि दाजींना दिसलं नाही. की दिसलं आणि बोलले नाहीत, हे मी आजही त्यांना विचारलेलं नाही, कारण दोन्ही उत्तरांची मला चीड येईल.

ताईवर माझा राग आहे तो यासाठी. मी तिला हॉस्पिटलच्या वाटेवर रिक्षात फाडफाड बोलले. अडाणी आहेस का, मला सांगता येत नव्हतं का, फोन कशाला दिलाय तुला. ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, “सुमे, त्या टेबलावर मला परत चढायचं नव्हतं. एवढी वर्षं चढवलं, तेव्हा काही नव्हतं मला. मला वाटलं, आता नको.” मूल हवं म्हणून ज्यांनी तिला दवाखान्यांतून फिरवलं, त्यांनी तिला डॉक्टरचीच किळस आणून ठेवली, आणि खरंच दुखणं आलं तेव्हा ती दारातून मागे फिरली. गर्भाशयाने तिला दोनदा मारलं असं एक नातेवाईक बाई परवा हळहळून म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, गर्भाशयाने नाही हो, तुम्ही.

तपासणीच्या खोलीत मी तिच्याबरोबर होते. एक तरुण डॉक्टर मुलगी माहिती लिहून घेत होती. वय, गाव, मग तो नेहमीचा प्रश्न, “मुलं किती?” आयुष्यभर या प्रश्नाला ताईने मान खाली घातली होती. त्या दिवशी तिने सरळ सांगितलं, “एक मुलगी.”

“नॉर्मल की सिझर?”

ताईने क्षणभर विचार केला. “विमानानं,” ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे बघत होते. हसू येत होतं, रडू येत होतं आणि दोन्ही दाबायची ती जागा नव्हती… आजार पसरला होता. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, त्यांना मी दोष देत नाही. पण त्या महिन्यांत ताईचं अंग पुसणं, तिला कुशीवर वळवणं, उलटीचं भांडं धरणं, वेणी घालणं, आणि केस गेल्यावर डोक्याला तेल लावणं हे दर शनिवार-रविवारी येऊन वांजीने केलं. मी नोकरी सांभाळून जमेल तशी जायची. सासरचं कोणी आलं ते सफरचंदं घेऊन आणि अर्ध्या तासात निघून. शेवटच्या आठवड्यात वांजीने संस्थेकडे सुट्टी मागितली. उत्तर आलं की अशी सुट्टी रक्ताच्या नात्यातल्या माणसासाठीच मिळते. रक्ताच्या नात्यातल्या. ते रक्त सगळ्यांआधी तिला दिसलं होतं. ती न विचारता आली आणि शेवटपर्यंत राहिली.

मी शाळेतून चिखलीला पोचले तेव्हा दाजींचे धाकटे भाऊ, श्रीरंगराव, गावाहून फोनवरूनच सगळ्याचा ताबा घेऊन बसले होते. संध्याकाळी ते आले, बायको आली, दोन मुलगे आले. घरच्यांनी पाणी पाजायचं म्हणून एकेकाला आत बोलावलं. वांजी जिन्यात उभी होती, चपला हातात घेऊन. मी तिला आत ओढायला गेले तर श्रीरंगराव दारात आडवे झाले. “ताई, घरच्यांचं होऊ द्या आधी.” मी म्हटलं, ही घरचीच आहे. ते म्हणाले, “असं कसं चालंल.” मी दाजींकडे बघितलं. ते ताईच्या पायाशी बसले होते आणि चटईची एक काडी ओढत होते. ज्यांनी ताईला एकदाही हॉस्पिटलात येऊन बघितलं नाही, त्या पुतण्यांनी तिच्या तोंडात पाणी घातलं. आक्का सगळ्यांत मोठ्याने रडत होत्या, माझी मंगल गं, माझी मंगल. मला त्यांचं रडणं खोटं वाटलं नाही. म्हणून तर जास्त संताप आला. एवढी माया होती, तर ती इतकी वर्षं कुठे होती?

दोन दिवसांनी पेपरात निधनवार्ता आली. ‘त्यांच्या पश्चात पती, दीर, जाऊ, पुतणे असा परिवार आहे.’ पुतण्यांची नावं शिक्षणासकट. मी, सख्खी बहीण, मलाही त्यांनी परिवारात धरलं नव्हतं, पण ते एक वेळ राहू दे. मी श्रीरंगरावांना फोन केला. म्हटलं, यात मुलगी राहिली.

“कोणाची मुलगी?”

“ताईची.”

ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. “ताई, तुम्ही शिकलेल्या. लोक काय म्हणतील? आमच्या वैनीला इतक्या वर्षांनी मुलगी कुठून झाली? आन् तीही…”

“तीही काय?”

“जाऊ द्या,” ते म्हणाले.

मी जाऊ दिलेलं नाही. हा मजकूर त्याच पेपरच्या पुरवणीत येणार आहे, ते वाचतील. श्रीरंगराव, ‘तीही’च्या पुढचं तुम्ही बोलला नाहीत, पण जिन्यातल्या माणसांनी ते आधीच बोलून ठेवलेलं आहे.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड ठेवला. पाण्यावर तो पांढरा फेस, पलीकडच्या रस्त्यावर कंपनीच्या बसची रांग. मला वाटलं होतं, निदान कावळा तरी थांबेल. अडून बसेल, माणसं अस्वस्थ होतील, एकेक जण काय राहिलं ते आठवायला लागेल, आणि कोणाला तरी जिन्यात उभी केलेली पोरगी आठवेल. कसलं काय. पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा आला आणि शिवला. श्रीरंगरावांनी समाधानाने हात जोडले. “बघा, काही इच्छा राहिली नव्हती वैनीची.” मला त्या कावळ्याचाही राग आला.

तेरावं झालं, आणि श्रीरंगरावांनी ठरवलं की दाजींनी आता गावी यायचं, एकट्याने इथे राहून काय करणार. खोल्या सोडायच्या. दाजींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ताईची जाऊ स्वयंपाकघर आवरायला बसली आणि मी मदतीला. भांडी एका बाजूला, द्यायचं दुसऱ्या बाजूला, टाकायचं तिसऱ्या. वरच्या फळीवर स्टीलचा मोठा डबा निघाला. जाऊबाईंनी झाकण काढलं, वास घेतला. आत मक्याचं पांढरं पीठ होतं, गाळून, वर कडुनिंबाची पानं घातलेलं. वांजीच्या देशात या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, तेच त्यांचं रोजचं जेवण. ताई ते तिच्याकडून शिकली होती. पिवळ्या मक्याने चव येत नाही म्हणून पांढरा मका कुठून कुठून शोधून आणायची, गिरणीवाल्याशी भांडून वेगळा दळून घ्यायची. शेवटचं दळण तिने हॉस्पिटलात जायच्या आधी आणून ठेवलेलं असणार. पानं वाळून कुरकुरीत झाली होती.

“हे कोण खातंय आता?” जाऊबाई म्हणाल्या आणि डबा टाकायच्या ढिगाकडे सरकवला.

“राहू द्या ते.”

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. दाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

“पोरगी शनिवारी येती,” ते म्हणाले. “खोल्याबी राहू द्या. मी कुठं जाणार नाही. तिनं घरी यायचं म्हटल्यावर घर पाहिजे ना.” मग त्यांनी स्वतः वाकून डबा उचलला आणि फळीवर जागच्या जागी ठेवला.

जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांच्याही आलं. माझ्या नाही आलं. मी त्या ढिगासमोर बसले होते आणि माझे कान तापले होते. इतकी वर्षं मी या माणसाला एकाच कारणासाठी माफ करत आले होते. मला वाटायचं, त्यांना बोलता येत नाही.

येत होतं.